घोडा आणि स्वार : मर्यादांची ओळख

अश्वारोहणाचा विचार करताना सामान्यतः दोन प्रश्न पुढे येतात. घोडा किती धावू शकेल, हा पहिला. आणि स्वाराची मांड किती पक्की आहे, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारण्याची व त्यांची उत्तरेही वेगवेगळी देण्याची प्रथा आहे. वस्तुतः घोड्याच्या पाठीवर माणूस बसला की दोन शरीरांचे मिळून एक जोडशरीर बनते, आणि त्या जोडशरीराची मर्यादा त्या क्षणी दोघांपैकी जो उणा पडत असेल त्याच्यावरून ठरते. घोडा कितीही दमदार असला तरी स्वार तोल सावरू शकत नसेल तेथे तो दम निरुपयोगी होतो. आणि स्वार कितीही निष्णात असला तरी घोड्याचा पाय थकला असेल तेथे ते नैपुण्य कामास येत नाही. त्यातही एक विषमता आहे. घोडा आपली मर्यादा बोलून दाखवीत नाही. त्यामुळे स्वतःची मर्यादा ओळखण्याचे आणि घोड्याचीही ओळखण्याचे, अशी दोन्ही कामे एकट्या स्वाराकडे येतात. ही ओळख कशी करून घ्यावी व ती चुकली असता काय घडते, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. एका शर्यतीचा धडा

ऑक्टोबर १८९२ मध्ये जर्मन व ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करी अधिकाऱ्यांची एक लांब पल्ल्याची शर्यत झाली. जर्मन अधिकारी बर्लिनहून व्हिएन्नाकडे आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचे अधिकारी व्हिएन्नाहून बर्लिनकडे निघाले. अंतर पावणेसहाशे किलोमीटरांच्या घरात होते. प्रत्येकाने संपूर्ण अंतर एकाच घोड्यावरून तोडावयाचे होते. स्वारांची संख्या दोनशेच्या आसपास होती. ऑस्ट्रियाच्या बाजूचे काउंट श्टारहेम्बर्ग ह्यांनी हे अंतर एकाहत्तर तासांहून थोड्या अधिक वेळात कापले व ते विजयी झाले. तथापि, ज्या घोड्याने त्यांना विजय मिळवून दिला तो त्यानंतर लवकरच मेला. इतरही अनेक घोडे वाटेत किंवा मुक्कामी पोहोचल्यावर दगावले. ह्या प्रकाराबद्दल त्या काळी युरोपात बरीच टीका झाली.

ह्या शर्यतीतील स्वार नवशिके नव्हते. घोडदळात ज्यांचे आयुष्य गेले असे ते अधिकारी होते, आणि त्यांचे घोडेही सामान्य नव्हते. म्हणजे येथे उणीव घोडेस्वारीच्या कौशल्याची नव्हती. ‘घोडा अजून चालत आहे’ ह्या गोष्टीचा अर्थ ‘घोडा अजून चालू शकतो’ असा घेतला गेला की असे परिणाम घडतात. ह्या दोन विधानांत वरवर पाहता भेद दिसत नाही. परंतु घोड्याचे मरण नेमके त्या भेदातच दडलेले असते. तो भेद समजून घेण्यासाठी प्रथम घोड्याच्या शरीराकडे पाहिले पाहिजे.

२. पाठ व ओझे

घोडा हा ओझे वाहण्यासाठी घडलेला प्राणी आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धसत्य आहे. घोड्याची घडण गवताळ माळरानावर दिवसभर चरत हिंडण्यासाठी आणि संकट आले असता वेगाने पळून जाण्यासाठी झालेली आहे. त्याच्या पाठीचा कणा मोठ्या पोटाचा भार खालून तोलून धरणाऱ्या पुलासारखा आहे. त्या पुलावर वरून भार ठेवण्याची योजना माणसाची आहे, निसर्गाची नव्हे. शिवाय घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. त्याचे पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी व स्नायूंच्या बंधांनी जोडलेले असतात. उभ्या घोड्याच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा सुमारे ५८ ते ६० इतका भाग ह्या पुढच्या पायांवर येतो. न शिकविलेल्या घोड्यावर स्वार बसला की हा भार आणखी पुढे झुकतो. मागचे पाय पोटाखाली घेऊन भार मागे तोलण्यास घोड्याला शिकवावे लागते, आणि त्यासाठी पाठीचे व पोटाचे स्नायू तयार व्हावे लागतात.

ओझे किती असावे, ह्याविषयी घोडदळांत व पागांत पूर्वीपासून काही ठोकताळे चालत आले आहेत. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या शेकडा १५, २०, २५ व ३० इतके ओझे ठेवून पाहण्यात आले. शेकडा २० पर्यंतच्या ओझ्याने विशेष फरक आढळला नाही; परंतु २५ व विशेषतः ३० ह्या प्रमाणांत हृदयाचे ठोके वाढलेले व स्नायू दुखावलेले आढळले. ह्या हिशेबाने ४५० किलो वजनाच्या घोड्यावर खोगीर, सामान व स्वार मिळून सुमारे ९० किलो इतका भार ही सावध मर्यादा ठरते. अर्थात हा आकडा निरोगी, प्रौढ व कामाची सवय असलेल्या घोड्याचा आहे. कृश, वृद्ध किंवा अल्पवयी घोड्यास तो लागू करता येत नाही. कण्यातील हाडांची वाढ सर्वांत उशिरा, म्हणजे पाच वर्षांच्या वयाच्या सुमारास किंवा त्यानंतर पुरी होते. त्यामुळे तीन वर्षांचा उंच शिंगरू बाहेरून घोड्यासारखा दिसला तरी त्याची पाठ अजून घोड्याची झालेली नसते.

येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. काट्यावर दिसणारे वजन आणि पाठीला जाणवणारे वजन ह्यांत फरक असतो. साठ किलोचा स्वार दुडक्या चालीत प्रत्येक पावलाला जिनावर आदळत असेल, तर रिकिबीवर तोल धरून हलकेच उठत-बसत जाणाऱ्या सत्तर किलोच्या स्वारापेक्षा तो घोड्याला अधिक जड होऊ शकतो. अशा रीतीने स्वाराची उणीव थेट घोड्याच्या ओझ्यात जमा होते.

३. श्वास, रक्त व उष्णता

घोड्याचे हृदय व फुप्फुसे ही त्याची मोठी संपत्ती होय. विश्रांतीच्या वेळी त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४० च्या दरम्यान असतात; पूर्ण वेगाने धावताना ते २२० च्या पुढे जातात. परिश्रमाच्या वेळी त्याची प्लीहा आकुंचन पावून साठविलेल्या तांबड्या रक्तपेशी रक्तात सोडते, आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती एकदम वाढते. माणसाच्या शरीरात अशी सोय इतक्या प्रमाणात नाही. म्हणूनच धावत्या घोड्यावर बसलेल्या माणसास त्याची शक्ती अमर्याद आहे असा भास होतो.

परंतु ह्याच यंत्रणेत तिच्या मर्यादाही आहेत. घोडा फक्त नाकाने श्वास घेऊ शकतो, तोंडाने नव्हे. चौखूर धावताना त्याचा श्वास त्याच्या झेपेशी बांधलेला असतो : एक झेप, एक श्वास. धाप लागली तर माणूस धावता धावता श्वासाची लय बदलू शकतो. चौखूर धावणाऱ्या घोड्याला ते जमत नाही. श्वास मोकळा करावयाचा तर त्याला वेगच कमी करावा लागतो, आणि वेग कमी करण्याची मुभा स्वाराच्या हाती असते.

दुसरी मर्यादा उष्णतेची. स्नायूंच्या कामात खर्ची पडणाऱ्या शक्तीचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. घोड्याचे शरीर मोठे; परंतु त्या मानाने कातडीचे क्षेत्र लहान. त्यामुळे ही उष्णता घामावाटे घालवावी लागते. उन्हात कष्ट करणाऱ्या घोड्याला तासाला दहा लिटर वा त्याहूनही अधिक घाम येऊ शकतो. ह्या घामाबरोबर क्षारही फार मोठ्या प्रमाणात जातात. माणसाच्या घामात पाणी अधिक व क्षार त्या मानाने कमी असतात. म्हणून मागे राहिलेले रक्त अधिक खारट होते व तहान लागते. घोड्याच्या बाबतीत पाणी व क्षार बरोबरीनेच जात असल्यामुळे रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाही, आणि शरीर कोरडे पडत असतानाही तहानेची जाणीव मंद राहते. पाण्यापाशी नेलेला थकलेला घोडा पाण्याला तोंड लावीत नाही, हे पाहून ‘त्याला गरज नाही’ असा निष्कर्ष काढणारा स्वार ह्याच ठिकाणी फसतो. दमट हवेत घाम वाळत नाही व शरीर निवत नाही. तेव्हा धोका अधिकच वाढतो. कोकणातील उन्हाळा व देशावरील उन्हाळा ह्यांत पारा सारखाच दिसला तरी घोड्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे ऋतू होत.

४. उत्साही छाती व मंद पाय

नियमित रपेटीने घोड्याचा दम काही आठवड्यांतच वाढू लागतो. स्नायू त्यानंतर तयार होतात. हाडे आणि कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, ह्यांना मात्र कित्येक महिने लागतात. पूर्ण तयारीस वर्षही अपुरे पडू शकते. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच. तेथे सारा कारभार ह्या कंडरांचा आहे. धावताना त्या प्रत्येक पावलाला ताणल्या जातात आणि पुन्हा आखडतात, व त्या घर्षणाने त्यांच्या गाभ्यातील उष्णता ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते असे मोजमापांत आढळले आहे. त्यांना रक्तपुरवठा बेताचाच असल्यामुळे झालेली इजा भरून येण्यास फार काळ लागतो, आणि भरलेली जागा पूर्वीसारखी लवचीक राहत नाही.

ह्यातून एक विचित्र स्थिती निर्माण होते. दोन-तीन महिने काम केलेल्या घोड्याची छाती भरलेली असते, तो उत्साहाने लगाम ओढू लागतो, आणि स्वाराला वाटते की आता ह्याला मोकळा सोडण्यास हरकत नाही. पाय मात्र अजून मागे असतात. घोड्याला स्वतःला ही तफावत कळत नाही. त्याला फक्त धावावेसे वाटते. तेव्हा त्याच्या उत्साहाला आवर घालणे हा कठोरपणा नसून त्याच्या पायांची बाजू घेणे होय. घोड्याच्या इच्छेलाच त्याची शक्ती मानणे ही स्वारांच्या चुकांपैकी सर्वांत सहज होणारी चूक आहे. कारण ती प्रेमाच्या वेषात येते.

५. डोळा, कान व अडेलपणा

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. परंतु कपाळाच्या अगदी समोरची थोडी जागा व शेपटीमागची जागा त्याला दिसत नाही. माणसाइतके रंग त्याला ओळखता येत नाहीत. उजेडातून काळोखात गेल्यावर त्याचे डोळे सरावण्यास माणसाच्या डोळ्यांहून अधिक वेळ लागतो. लख्ख उन्हातून अंधाऱ्या वेशीत शिरताना घोडा थबकतो तेव्हा त्याला पुढची जमीन खरोखरच दिसत नसते. स्वाराला ती दिसत असते. म्हणून त्याला हा हट्ट वाटतो.

मराठीत ‘अडेलतट्टू’ हा शब्द माणसांनाही लावला जातो, आणि त्या शब्दात तट्टावर ठेवलेला एक जुना आरोप आहे. घोडा का अडला, ह्या लोकपरंपरेतील कोड्याचे उत्तर ‘न फिरविल्यामुळे’ असे आहे, म्हणजे त्यात दोष घोड्याचा नसून फिरविणाऱ्याचा आहे. हे उत्तर आजच्या अभ्यासाशी जुळणारे आहे. घोडा सांगितलेले करीत नाही, ह्याला साधारणपणे चार कारणे संभवतात : त्याला सांगितलेले कळले नाही, कळले पण करण्याची शक्ती नाही, शक्ती आहे पण दुखते आहे, किंवा भीती वाटते आहे. पाचवे कारण, म्हणजे केवळ खोडी, हे स्वाराच्या मनात सर्वांत आधी येते. शोधाच्या क्रमात ते सर्वांत शेवटी यावयास हवे.

ह्यांपैकी दुखण्याचे कारण ओळखणे सर्वांत कठीण असते. घोडा हा ज्याची शिकार होते असा प्राणी आहे. कळपातील दुबळा प्राणी हिंस्र श्वापदाच्या नजरेत प्रथम भरतो. त्यामुळे वेदना उघड न करणे ही त्याची उपजत प्रवृत्ती आहे. कुत्रा विव्हळतो, घोडा बहुधा गप्प राहतो. २०१४ मध्ये काही संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरील वेदनेच्या सहा खुणा निश्चित केल्या. मागे ताठरलेले कान, आवळलेल्या पापण्या, ताणलेले जबड्याचे स्नायू व नाकपुड्या ही त्यांतील काही होत. इंग्लंडमधील पशुवैद्य सू डायसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या चोवीस वर्तनांची यादी प्रसिद्ध केली. त्यांपैकी आठ किंवा अधिक वर्तने दिसल्यास घोड्याच्या हाडा-स्नायूंत कोठे तरी दुखत असण्याचा संभव मोठा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शेपटी वारंवार फटकारणे, तोंड उघडे टाकणे, ठेचकाळणे, चाल मध्येच बदलणे ही वर्तने त्या यादीत येतात. अनेक पागांत ह्याच गोष्टींना आजवर ‘खोड’ म्हटले गेले व तिच्यावर चाबकाचा उपाय केला गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या यादीचे मोल कळते.

६. स्वाराच्या मर्यादा

आतापर्यंत घोड्याच्या मर्यादांचे विवेचन झाले. त्या समजण्यास अभ्यास पुरतो. स्वतःच्या मर्यादा समजण्यास अभ्यासाबरोबर थोडा प्रांजळपणाही लागतो, आणि तो दुर्मिळ असतो.

पहिली मर्यादा तोलाची. मांड पक्की नसलेला स्वार नकळत लगामाला धरून तोल सावरतो. लगामाची कडी घोड्याच्या तोंडात दात नसलेल्या रिकाम्या जागी, हाडावरच्या पातळ कातडीवर टेकलेली असते. स्वाराचा प्रत्येक हिसका तेथे पोहोचतो. घोडा मान उंच करतो, पाठ खाली दाबतो, आणि स्वार आणखी आदळतो. मग तो म्हणतो की घोड्याचे तोंड कठीण आहे. ह्या ठिकाणी घोड्याची म्हणून नोंदलेली मर्यादा वस्तुतः स्वाराची असते.

दुसरी मर्यादा संदेशाची. घोडा ताण सुटला म्हणजे शिकतो. टाच लागली, तो पुढे गेला, आणि त्याच क्षणी टाच सैल झाली, तर पुढे जाणे हे बरोबर होते असे त्याला कळते. टाच सैल झालीच नाही, किंवा टाचेने ‘चल’ व लगामाने ‘थांब’ असे एकाच वेळी सांगितले गेले, तर त्याला काहीच कळत नाही. अंगावर माशी बसली तर नेमकी त्या जागेची कातडी थरथरविणारा हा प्राणी आहे. त्याला स्पर्श कळत नाही असे होत नाही, स्पर्शाचा अर्थ लागत नाही असे होते.

तिसरी मर्यादा मनाची आहे. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी ‘हान्स’ नावाचा एक घोडा खूर आपटून गणिते सोडवितो अशी ख्याती झाली होती. ऑस्कर फुंग्स्ट ह्या अभ्यासकाने १९०७ मध्ये दाखवून दिले की, बरोबर आकडा येताच प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या शरीरात नकळत होणारी अत्यंत सूक्ष्म हालचाल पाहून तो घोडा थांबत असे. गणित घोड्याला येत नव्हते. माणूस मात्र त्याला वाचता येत होता. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, घोडा नेणाऱ्या माणसांना पुढील फेरीत एक छत्री एकाएकी उघडली जाईल असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही वाढले. स्वाराने भीती चेहऱ्यावर दिसू दिली नाही म्हणून ती घोड्याला कळली नाही, असे मानता येत नाही. ज्या चढणीची, उडीची किंवा वेगाची स्वाराला धास्ती वाटते ती त्या दिवशी त्या जोडीच्या मर्यादेबाहेरची समजावी. धास्ती नाकारण्यापेक्षा मान्य करणे हे घोड्याच्या हिताचे असते.

चौथी मर्यादा रागाची व अहंकाराची. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफोन ह्या ग्रीक लेखकाने अश्वारोहणावर एक पुस्तिका लिहिली. घोड्याशी कधीही रागाच्या भरात वागू नये, असा उपदेश त्याने तीत केला आहे. आणि घोडा ज्या वस्तूला बिचकतो तिच्यापाशी त्याला मारून नेले तर मार व वस्तू ह्यांची सांगड बसून त्याची भीती वाढते, हेही त्याने ओळखले होते. सुमारे चोवीस शतके लोटली तरी ह्या उपदेशाची गरज संपलेली नाही. रागावलेला स्वार घोड्याला पाहणे थांबवितो, आणि ज्याला घोडा दिसत नाही त्याला घोड्याची मर्यादा दिसण्याचा प्रश्नच उरत नाही.

पाचवी मर्यादा थकव्याची. थकलेला स्वार एका बाजूस कलतो, रिकिबीवरील भार असमान होतो, जीन सरकते व पाठीला जखम होते. दिवसाच्या शेवटच्या तासात घोड्याला सर्वांत हलक्या स्वाराची गरज असते, आणि नेमक्या त्याच वेळी स्वार सर्वांत जड झालेला असतो. घोडदळाच्या लांब कुचांत ठराविक वेळाने सर्वांनी खाली उतरून घोडे हाताने चालविण्याची पद्धत होती, तिचे मर्म हेच.

७. महाराष्ट्रातील अनुभव

महाराष्ट्राच्या इतिहासात घोड्याला जे स्थान आहे ते सर्वविदित आहे. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार व बारगीर असे दोन वर्ग होते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. बारगिराला तो सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा मेला म्हणजे त्याची उपजीविकाच बुडे. त्यामुळे घोड्याची मर्यादा ओळखणे ही त्याची रोजची गरज होती. बारगिराच्या बाबतीत घोड्याचा तोटा सरकारचा असल्याने पागेची शिस्त व देखरेख कडक ठेवणे भाग पडे.

ह्या दृष्टीने शिवाजी महाराजांचे १६७३-७४ च्या सुमाराचे, चिपळूण भागातील छावणीच्या लष्कराला लिहिलेले पत्र अभ्यासण्याजोगे आहे. दाणावैरणीचा साठा पावसाळाभर पुरेल अशा बेताने वापरावा, आधी उधळपट्टी केली तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरू लागतील, आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्या पत्राचा एक आशय आहे. येथे घोड्याच्या मरणाचे कारण पावसाळा, दुष्काळ वा दैव ह्यांच्यावर ढकललेले नाही. ज्याला मर्यादा आधी दिसू शकत होती त्याच्याकडे ते दिलेले आहे. १८९२ च्या शर्यतीतील मृत घोड्यांविषयी विचार करताना ह्या पत्रातील न्याय लक्षात घेण्यासारखा आहे.

आजच्या महाराष्ट्रात युद्धाचा घोडा उरला नाही. परंतु प्रश्न उरला आहे. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने घोड्यांवरून प्रवास करण्याची पद्धत रूढ झाली, आणि तेथे आयुष्यात प्रथमच रिकिबीत पाय घालणारे असंख्य प्रवासी घोड्यावर बसत आले आहेत. अशा स्वाराला ना स्वतःची मर्यादा ठाऊक असते, ना घोड्याची. तेथे ती ओळख लगाम धरून बरोबर चालणाऱ्या घोडेवाल्याने ठेवावयाची असते. वजनदार गिऱ्हाइकाला दुसरा, मजबूत घोडा सुचविणारा किंवा उतारावर ‘आता थोडे पायी चला’ असे सांगणारा घोडेवाला हा त्या क्षणी त्या जोडीचा खरा स्वार होय.

८. मर्यादेचे माप

१९५५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एका दिवसात, एका घोड्यावरून, डोंगराळ वाटेने १०० मैल जाण्याची ‘टेविस कप’ ही स्पर्धा सुरू झाली. बर्लिन-व्हिएन्ना शर्यतीपेक्षा तिचे व तिच्यासारख्या नंतरच्या स्पर्धांचे वेगळेपण असे की, वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य घोड्यांची तपासणी करतात, आणि ‘पुढे जाण्यास योग्य’ असा निर्वाळा मिळाल्याशिवाय घोड्याला पुढे सोडले जात नाही. अंतर संपविल्यावरही घोडा त्याच योग्यतेचा असला पाहिजे. नाही तर अंतर पुरे झाले असे मानले जात नाही. १९६४ पासून तेथे आघाडीवर पोहोचलेल्या पहिल्या दहांपैकी सर्वांत उत्तम स्थितीतील घोड्यालाही स्वतंत्र करंडक दिला जातो. येथे माप बदलले. ‘घोडा पोहोचला का?’ ह्या प्रश्नाऐवजी ‘घोडा आणखी जाऊ शकला असता का?’ हा प्रश्न विचारला गेला. ह्या नियमांनीही सर्व अपघात टळले असे नाही. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत आजही घोडे दगावतात. परंतु दोष ओळखण्याचे साधन त्यामुळे हाती आले.

ही साधने साध्या स्वारालाही उपलब्ध आहेत. जबड्याच्या खालच्या कडेपाशी बोटे ठेवून घोड्याची नाडी मोजता येते. थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ती मिनिटाला ६०-६४ च्या खाली आली नाही, तर घोड्याला काम जड झाले असे समजावे. हिरडी बोटाने दाबून सोडली असता तिचा रंग सुमारे दोन सेकंदांत परत यावयास हवा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली असता ती लगेच सपाट व्हावयास हवी. ती उभी राहिली तर शरीरातील पाणी आटले आहे. कठीण जमिनीवर घोड्याला हाती धरून सरळ रेषेत दुडकवावे. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोके वर उचलले जाते. तंग सोडल्यावर पाठीवरून तळहात फिरवावा. घोड्याने पाठ चोरली तर खोगीर, स्वार किंवा काम ह्यांपैकी काही तरी बिनसले आहे. ह्या सर्वांना मिळून काही मिनिटे पुरतात. रोज त्याच घोड्याची ही तपासणी केली म्हणजे त्याचे नेहमीचे आकडे कळतात, आणि एखाद्या दिवशी पडलेला फरक लगेच जाणवतो.

स्वाराच्या मोजमापाला मात्र असे कोणतेही यंत्र नाही. त्यासाठी काही प्रश्न स्वतःला विचारावे लागतात. लगामाला हात न लावता दुडक्या चालीत बसता येते काय? आज मन शांत आहे काय? घोड्याने नकार दिला तर त्याची चार कारणे तपासण्याइतका वेळ व धीर आहे काय? आणि शेवटचा प्रश्न, जो बहुधा विचारला जात नाही : येथून पायी परत जावे लागले तर चालेल काय? ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर घोड्याच्या मर्यादेचा निर्णय स्वाराच्या सोयीने होणार, हे आधीच ठरून गेलेले असते.

नवशिका स्वार आणि नवखा घोडा ही जोडी अनुभवी लोक टाळतात, ती ह्याच कारणाने. दोघांपैकी एकाला तरी वाट ठाऊक असली पाहिजे. मुरलेला घोडा नवशिक्या स्वाराच्या अनेक चुका पोटात घालतो, आणि मुरलेला स्वार नवख्या घोड्याला चुका करण्यास वाव देतो. दोघेही अजाण असतील तेथे प्रत्येक जण दुसऱ्याची भीती वाढवितो.

मर्यादा ओळखणे म्हणजे प्रगती थांबविणे, असा अर्थ कोणी घेऊ नये. शरीर व कौशल्य दोन्ही वाढतात. परंतु ती मर्यादेच्या अलीकडे राहून, तिच्याजवळ वारंवार जाऊन वाढतात. मर्यादा ओलांडून केलेले काम त्या दिवशी अधिक वाटले तरी त्याचे मोल पुढील कित्येक महिन्यांच्या अंगमेहनतीतून वजा होते. कधी कधी ते घोड्याच्या आयुष्यातून वजा होते. घोडा स्वाराचे ऐकतो, हा त्याचा गुण खरा. तथापि त्याच गुणामुळे तो मरेपर्यंत ऐकू शकतो. म्हणून स्वाराची खरी कसोटी तो घोड्याला किती पळवितो ह्यात नसून, पळू शकणाऱ्या घोड्यावरून तो केव्हा खाली उतरतो ह्यात आहे.